भोंगेदादांचा लांब सूर

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून वाजवून त्यांचं नावच भोंगेदादा पडलं होतं. फुगलेले गाल, सुटलेलं पोट, आणि जीभ अशी की समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय स्वस्थ बसायची नाही. पण लोक त्यांना मानायचे ते एका सुरासाठी. शेवटच्या गाण्यात बाकीचा बँड थांबायचा, दादा डोळे मिटून एकच सूर धरायचे आणि शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ दुसऱ्या ट्रम्पेटवर साथ द्यायचा. रस्त्याकडेच्या घरांतली जेवती माणसं हातातला घास तसाच धरून खिडकीत यायची. सूर थांबला की टाळ्यांचा कडकडाट, आणि दादा कमरेत वाकून नमस्कार करायचे.

मग जिना चढताना धाप लागू लागली, पाय सुजू लागले. डॉक्टरांनी हृदयाचा इको करायला सांगितला. दादांना घोर एकच, आपला सूर राहतो की जातो. जीव काय, आज ना उद्या जायचाच, असं ते म्हणायचे, आणि ते अगदी मनापासून म्हणायचे.

"उपाशी राहायचं नाही, सुई नाही, दुखत नाही," धाकट्याने समजावलं. "पोटाची सोनोग्राफी असते ना, तशीच छातीची."

"म्हणजे मला दिवस गेलेत का ते बघणार?"

खोलीत दिवे मंद होते. शर्ट काढून दादा डाव्या कुशीवर झाले. मशीनवरच्या ताईने छातीला वायरींच्या चिकटपट्ट्या लावल्या, गार जेल लावलं आणि बरगड्यांच्या फटीत सोनोग्राफीचा दांडा दाबून धरला.

"श्वास रोखा, काका."

दादांनी सवयीने छाती गच्च भरली. पडद्यावरचं चित्र गायब!

"भरायची नाही. हवा भरली की फुप्फुस आडवं येतं, हृदय दिसत नाही. सगळी सोडा आणि रिकाम्या छातीने थांबा."

उभा जन्म छाती भरण्यात गेलेला माणूस! रिकामं राहायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी श्वास सोडला आणि लगेच कासावीस झाले. ताईने दांडा बाजूला घेतला, "घाई नाही," म्हणाली, आणि पुन्हा सुरुवात केली. मग तिने एक बटण दाबलं. पडद्यावर लाल-निळे रंग उसळले आणि रक्त वाहण्याचा खसखस आवाज खोलीभर झाला. दादा कान देऊन ऐकत राहिले.

"ताल चुकतोय का हो?"

"ते डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि जेल पुसायला तिने कागद दिला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हृदय थकलंय, रक्त ढकलायची ताकद निम्म्याहून कमी उरलीय. गोळ्यांनी बरं वाटेल, पण वाजवणं बंद.

"हळू वाजवलं तर?"

"नाही."

बाहेरच्या बाकावर धाकटा ढसाढसा रडला. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गप रे, मी अजून आहे. उद्यापासून सरावाला बस. शेवटचा सूर आता तुलाच धरायचाय. माझ्याइतका लांब नाही जमला तरी लोक सांभाळून घेतील."

धाकट्याने मान वर केली नाही.

"दादा, तो मीच धरतोय. गेल्या थंडीपासून."

"काय बरळतोस?"

"तू फुंकायचास, पण नुसती हवा यायची. आवाज माझा असायचा. सगळ्या बँडला ठाऊक होतं. तुला कोण सांगणार?"

दादांना परवाचा कार्यक्रम आठवला. सूर संपता संपत नव्हता, आणि मिटल्या डोळ्यांनी ते मनात म्हणाले होते, अजून आहे की आपल्यात दम. टाळ्या पडल्या तेव्हा धाकटा ट्रम्पेट खाली करून दोन पावलं मागे सरकला होता.

डॉक्टरांसमोर न आलेलं पाणी आता डोळ्यांत आलं. दादांनी भावाचा हात घट्ट धरला.

"आणि नमस्कार मी करत होतो रे," ते म्हणाले.