रॉकेलमध्ये गेलेलं गुपित

पंख्यांच्या त्या छोट्या कारखान्यात मालकापेक्षा जुन्या कारागीर मावशींचाच दरारा जास्त. दुसऱ्या कंपनीचा पंखा उघडून बघायचा तर त्याचे भाग आधी धुवायचे. "आधी अंघोळ, मग तपासणी," हा त्यांचा खाक्या.

परदेशी कंपनीचा नवा पंखा आला तेव्हा मात्र मावशी त्याच्याखाली आ वासून उभ्या राहिल्या. वारा भरपूर, आवाज शून्य! मालक म्हणाले, "मावशी, उन्हाळ्याआधी आपल्याला हे जमलं नाही, तर दाराला कुलूप."

मोठ्या टेबलावर पंखा उघडला. मावशींनी बेअरिंगं रॉकेलमध्ये लख्ख धुतली आणि ते रॉकेल मोरीत ओतलं. मापं घेतली, तारेचे वेढे मोजले, सगळं आपल्यासारखंच. शेवटी घरचं ग्रीस भरून पंखा जोडला, तर परदेशी पाहुणा आपल्याच पंख्यांसारखा घुरघुरायला लागला.

सगळे हसले. मावशी मात्र मोरीकडे धावल्या. "अगं बाई! सगळी जादू त्या बोटभर ग्रीसमध्ये होती. आणि मी ती मोरीत ओतली!"

त्यांची सून एका रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासायची. तसाच दुसरा परदेशी पंखा आणून तिने त्यातलं ग्रीस तपासलं. "आई, यातलं तेल ते स्वतःच बनवतात, बाजारात मिळायचं नाही. नक्कल विसरा. आपलं आपण शोधू."

मग सून ग्रीस घोटायची आणि मावशी पेचकसाचं टोक पंख्याला टेकवून मूठ कानाशी धरायच्या. "घुरघुरतंय." "आता कुजबुजतंय." हिवाळा असाच सरला. एके दिवशी कानाला काहीच लागेना. वीज गेली वाटून मावशींनी वर पाहिलं, तर पाती फिरत होती. त्यांना रडूच आलं.

कारखाना तगला. भर उन्हाळ्यात दुकानदाराचा फोन आला. "मावशी, त्या परदेशी कंपनीची दोन माणसं आली होती. तुमचा पंखा घेऊन गेली. घासाघीससुद्धा केली नाही!"

मावशी स्टुलावर बसल्या. कुठल्याशा दूरच्या मोठ्या टेबलावर आपला पंखा उघडा पडलाय, भोवती हुशार माणसांची डोकी वाकलीत, हे चित्र काही केल्या डोळ्यांत मावेना.

"परत आले तर त्यांना एक निरोप द्या," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आधी धुऊ नका."