नवसाच्या कोंबड्याचं खुराडं

एक कोंबडा आणि चार कोंबड्या यांच्यासाठी कुणी ओळंबा लावून भिंत बांधत नाही. मी बांधली. माझी सगळी नोकरी फौजेच्या इंजिनिअर पलटणीत गेली, त्यामुळे भिंत जरा वाकडी दिसली की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवसांत माझं डोकं फिरायला भिंतीची गरज नव्हती.

आमची एकुलती एक मुलगी जानेवारीत माहेरी आली ती आडवी पडण्यासाठीच. चौथा महिना होता. आधीची दोन्ही बाळं पाचव्या महिन्यात गेली होती, म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं की मोरीपुरतं उठायचं, बाकी उठायचं नाही. जावयाची कारखान्यात पाळी, सासरी करणारं कुणी नाही, म्हणून आम्ही तिला कडेगावजवळ आमच्या घरी आणलं. मागच्या खोलीत खिडकीला लागून तिची खाट टाकली. खिडकीतून परस दिसायचं, म्हणजे धुण्याचा दगड, शेवग्याचं झाड, पलीकडं उभा ऊस आणि मध्ये कोंबड्या. दिवसभर तिला बघायला तेवढंच होतं.

बायकोनं मला न विचारता वेशीवरच्या मरीआईला कोंबडा बोलून टाकला. पोरगी सुखरूप बाळंत होऊ दे, आमचा तांबडा तुझा. आमच्याकडं बोललेला कोंबडा देवीचा होतो. तो विकायचा नाही, कापायचा नाही, दारात पाहुणा आला तरी त्याच्याकडं बघायचं नाही. मी असलं काही मानत नाही, आणि ते मी बायकोला तावातावानं ऐकवलंही. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "मग तुमी काय करनार हाय, सांगा?" 

फेब्रुवारीत एकदा दिवे लागायच्या वेळी रानबोक्यानं कोंबड्या झाकायचं डालगं उलथवलं आणि दोन कोंबड्या नेल्या. तांबडा उडून भिंतीवर बसला म्हणून वाचला. शेपटीची पिसं तेवढी गेली. मुलीनं खिडकीतून सगळं बघितलं होतं. आम्ही धावत गेलो तर ती उशीला टेकून पांढरीफटक पडलेली. "आबा, तांबडा हाय न्हवं?" तिनं विचारलं. शिकलेली मुलगी, साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तिच्या आवाजातली ती भीती ऐकली आणि मी मनाशी ठरवलं की जग इकडचं तिकडं झालं तरी ह्या कोंबड्याला काही होऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशीच पाया खणला. मला बांधकाम येतं ते एकच. बर्फातल्या चौक्यांवर आम्ही मोर्चे, म्हणजे बंकर, बांधायचो. तिथं वारा हा पहिला शत्रू, म्हणून फट ठेवायची नाही, दार बुटकं ठेवायचं, टेहळणीपुरती चार बोटांची खाच सोडायची आणि वर मातीच्या गोण्या रचायच्या. हात तसेच चालत गेले. सिमेंटचे ब्लॉक, खाली काँक्रीट, वर पत्रा, पत्र्यावर गोण्या. मुलगी खिडकीतून बघत होती. बऱ्याच दिवसांनी ती हसली. "आबा, आता त्याला बंदूक बी द्या," म्हणाली. मीही हसलो. त्या हसण्यासाठी मी अजून दहा खुराडी बांधली असती.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. कोंबड्या संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. मग उसाची तोड जवळच्या रानात आली. तोड सुरू झाली की उसात दडलेली जनावरं वस्तीकडं सरकतात, म्हणून मी कोंबड्यांना दिवसाही कोंडायला लागलो. दार लावलं की जीव निवांत व्हायचा. आत त्यांचं काय होत असेल हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

मार्चमधली दुपार होती. बायको दाणे टाकायला गेली आणि ओरडली. दार एवढं बुटकं केलेलं की माझे खांदेसुद्धा आत जाईनात. वाकून बघितलं तर दोन कोंबड्या मरून पडलेल्या, दोन दाराशी निपचित पण जिवंत, तांबडा पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकतोय. आतली हवा भट्टीसारखी चेहऱ्यावर आली. मी पहार घेतली आणि माझीच भिंत फोडायला लागलो. चांगली बांधली होती, फुटेना. मी शिव्या देत होतो, भिंतीला, उन्हाला, मरीआईला, स्वतःला. शेवटी एक ब्लॉक निखळला, मग दुसरा. कोंबड्याला ओढून बाहेर काढलं, बादलीत पाय बुडवले, चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं. त्यानं मान वर केली तेव्हा मी मागं बघितलं.

मुलगी मागच्या दारात उभी होती. अनवाणी, चौकटीला धरून, दुसरा हात पोटावर. बायकोनं धावत जाऊन तिला खाटेवर निजवलं. मी पहार धरून तसाच उभा राहिलो.

कडेगावचा वेल्डिंगवाला चाचा माझा जुना ओळखीचा. अर्ध्या पडलेल्या भिंतीतून त्यानं डोकं आत घालून बघितलं. मग म्हणाला, "फौजी, आत कुनी यिऊ न्हाई, एवढंच बघितलंस गड्या. आत ऱ्हानाऱ्याचं बघितलंच न्हाईस." तीन बाजूंनी अँगल लावून त्यानं बारीक जाळी ठोकली, मुंगसानं उकरू नये म्हणून हातभर जमिनीत गाडली. पत्रा भिंतीपासून वीतभर उचलला, मधे जाळी. गोण्या काढून वर उसाचं पाचट घातलं. बसायला बाभळीचा गोल दांडा, दार माणूस वाकून आत जाईल एवढं. मी फक्त सामान उचलून देत होतो. 

पाचवा महिना संपला. आम्ही तिघांनी ते एकमेकांना बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी बायकोनं शिरा केला. त्याच सुमाराला मागचा ऊस तुटला आणि एके पहाटे परसातून आरडाओरडा ऐकू आला. काठी घेऊन धावलो. रानबोका जाळीला पंजे लावून उभा होता, मला बघताच उघड्या रानातून पळाला. जाळीला ओरखडे, खाली उकरलेली माती, आणि आत दांड्यावर तांबडा अंग फुगवून ओरडतोय. एक पीस हललं नव्हतं त्याचं. मी खिडकीशी जाऊन मुलीला सांगितलं, "हाय गं, ठणठणीत हाय." तिनं डोळे मिटून पोटावरून हात फिरवला.

त्या सकाळी मी वेशीपर्यंत चालत गेलो आणि मरीआईपुढं हात जोडले. कुणी बघत नाही ना, हे आधी बघितलं. कोंबडा टिकला म्हणजे बाळही टिकलं, असं मला सरळ सरळ वाटत होतं. आयुष्यभर नवस-सायासांना हसलेल्या माणसाची ही अक्कल.

आठ दिवसांनी, भर दुपारी, मुलीनं मला हाक मारली. आईला नाही, मला. "आबा, पाठीत लय दुखतंय." शेजारच्याची जीप काढली. साताऱ्याचा दोन तासांचा रस्ता. बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलेलं आणि सगळा वेळ पुटपुटत होती, "देते गं आई, आजच देते." मी गाडी चालवत होतो. मला रस्त्यातला एकेक खड्डा आठवतो.

टाका सुटला होता. मुलगा होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हांला दाखवला आणि म्हणाल्या, कुणाच्या हातात नव्हतं.

चार दिवसांनी आम्ही तिला परत घरी आणलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तांबडा आरवला. नेहमीसारखाच, छाती काढून. बायकोनं पदर कानावर दाबला. "मागितलं त्ये पदरात पडलं न्हाई, मग कसा दिऊ? आन् बोलल्याला हाय, मग कापू तरी कसा?" असं म्हणून ती भिंतीला टेकली आणि रडली. देवीला द्यायचा नाही, घरात खायचा नाही, विकायचा नाही. त्याला आरवू नको म्हणून सांगताही येत नाही. त्याचा एवढा राग आला मला, की मी दाणेपाणी टाकायलासुद्धा गेलो नाही. दार दोन दिवस बंदच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मुलगी उठली. आता तिला उठायला कुणाची मनाई नव्हती. हळूहळू चालत ती परसात गेली, कडी काढली आणि दार उघडं टाकलं. कोंबडा आणि राहिलेल्या दोन कोंबड्या बाहेर आल्या. तिनं ताटलीत पाणी ठेवलं, मूठभर कण्या टाकल्या आणि धुण्याच्या दगडावर बसली. मी जाऊन तिच्याशेजारी बसलो. 

दिवस मावळायला लागला तसा तांबडा आपणहून खुराड्यात गेला आणि दांड्यावर चढला. कोंबड्या मागोमाग गेल्या.

"आबा, कडी लावा," ती म्हणाली. "त्याची काय चूक हाय?"

मी उठलो, तेवढ्यात तिनं माझी बाही धरली.

"आबा, तुमी भिंत फोडत व्हता, त्या दिवशी मी उठले व्हते. दारापतुर आले व्हते. त्यानंच तर न्हाई ना?"

इतके दिवस मी हेच स्वतःला विचारत होतो. फक्त माझ्या प्रश्नात ती नव्हती, मी होतो. ती भिंत, ती दुपार, ते बंद दार, सगळं माझं.

"न्हाई गं," मी म्हणालो. "डॉक्टरीणबाई म्हनल्या न्हवं. तुझी काय बी चूक न्हाई पोरी."

तिनं बाही सोडली. मी जाऊन कडी लावली आणि बराच वेळ जाळीला धरून तसाच उभा राहिलो, कारण वळलो असतो तर तिला माझं तोंड दिसलं असतं.