पोटाखालची ऊब

फेब्रुवारी लागला की लिक फोर्कच्या लोकांना देवाच्या आधी व्हर्जिल नोबल आठवतो. घर तापवणारी तळघरातली भट्टी बंद पडली, व्हर्जिलला फोन करा. भट्टी चालू आहे पण घर तापत नाही, व्हर्जिलला फोन करा. काही म्हातारी माणसं तर भट्टी ठणठणीत असतानाही त्याला बोलावतात, कारण थंडीत कोणीतरी घरी यावं असं त्यांना वाटतं, आणि व्हर्जिल कॉफीला कधी नाही म्हणत नाही. टेनेसीच्या या डोंगरांत दुसऱ्यांची घरं तापवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एकाच खोलीत लाकडाची शेगडी पेटायची. बायको वर्ना गेल्यापासून बाकीच्या खोल्या त्याने थंडच सोडून दिल्या होत्या. एकट्या माणसाला घर लागतं किती, असं तो म्हणायचा. खरं तर त्याला लाकडं फोडायचा कंटाळा आला होता. बहुतेक गोष्टींचाच आला होता, आणि ते लपवायचाही त्याला कंटाळा होता.

अशा माणसाच्या दारात त्याची मुलगी केंड्रा एका दुपारी काचेची पेटी घेऊन उभी राहिली. पेटीत उशीचा अभ्रा होता आणि अभ्र्याला गाठ मारलेली होती.

"साप आहे," ती म्हणाली. "आत येऊ?"

"तू ये. त्याचं मग बघू."

अभ्र्यातून निघालं ते कॉर्न स्नेकचं पिल्लू होतं. पेन्सिलीहून जरासं जाड, तांबूस नारिंगी, अंगावर विटकरी डाग. हा साप तसा इथलाच. मक्याच्या कोठारात उंदरांमागे फिरतो, विष नाही, कोणाच्या वाटेला जात नाही. तरी व्हर्जिलच्या आईने असले कितीतरी कुदळीने मारून, त्याने पाऊस येतो म्हणून कुंपणावर टांगले होते. आता आपण याला घरात घेऊन ऊब द्यायची, हे ऐकलं असतं तर म्हातारी थडग्यात उठून बसली असती.

केंड्रा दुसऱ्या दिवशी नॉक्सव्हिलच्या एका उपचारकेंद्रात दाखल होणार होती. गोळ्यांचं व्यसन. ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना ती मधूनच बॅग उचलून निघून आली होती, आणि दोन्ही खेपांना व्हर्जिलने आशा धरली होती. या वेळी तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. सोडायला गाडी काढतो, एवढंच तो म्हणाला होता.

"तिथे जनावर चालत नाही," केंड्रा बाह्या मनगटांवर ओढत म्हणाली. "बाबा, सप्टेंबरपासून माझ्या हातून जगलेला हा एकच जीव आहे. नोकरी गेली, रिकी मला सोडून गेला, कुंड्या वाळल्या. हा मात्र दर आठवड्याला खातो. त्याने खाल्लं की माझा एक आठवडा धडपणे गेला, असं मी धरते."

"नाव काय त्याचं?"

"डेप्युटी. आजवर शेरीफचा कोणी ना कोणी डेप्युटी पोलीस माझ्यावर डोळा ठेवून होता. म्हटलं, एक आपलाच पाळावा."

व्हर्जिल हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. जाता जाता ती दारात थांबून म्हणाली, "पेटीखालची तापणारी मॅट थर्मोस्टॅटला जोड हं. नाहीतर भाजेल तो. आणि तळाची ऊब बघ, तळाची."

"आता तू मला थर्मोस्टॅट शिकव," व्हर्जिल म्हणाला. तेव्हा ती हसली. पुष्कळ दिवसांत तो आवाज या घरात झाला नव्हता.

तिला सोडून आल्यावर त्याने पेटी मागच्या खोलीत टेबलावर मांडली. कामाला हात लागले की व्हर्जिलचा थकवा जरा बाजूला बसतो. पेटीच्या एका अर्ध्याखाली त्याने विजेची चपटी मॅट चिकटवली, म्हणजे एक बाजू गरम आणि एक थंड राहील आणि सापाला हवं तिकडे जाता येईल. मॅटखाली हवा खेळावी म्हणून कोपऱ्यांना रबराचे पाय लावले. आत लाकडाचा भुसा पसरला. दोन्ही बाजूंना लपायला जागा केल्या, गरम बाजूला फुटक्या कुंडीचा तुकडा, थंड बाजूला ओटचा रिकामा डबा आडवा. पाण्याला वर्नाची कस्टर्डची वाटी ठेवली. झाकणाला चिमटे लावले, कारण असलं पिल्लू बोटभर फटीतून पसार होतं.

मग थर्मोस्टॅट. अठ्ठ्याऐंशी अंश फॅरनहाइटवर लावला की मॅट आपोआप बंद-चालू होत राहणार. राहिला त्याच्या वायरीच्या टोकाचा, ऊब मोजणारा सेन्सर, तो कुठे लावायचा एवढंच. व्हर्जिलला विचार करावा लागला नाही. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, गरम हवेच्या झरोक्यापासून लांब. हे त्याच्या हाडांत मुरलं होतं. अशी शेकडो घरं त्याने बिनतक्रार तापवली होती. त्याने सेन्सर थंड बाजूच्या काचेवर, मधल्या उंचीला, चिकटपट्टीने पक्का केला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि काम झालं म्हणून दिवा मालवला.

डेप्युटी कुंडीच्या तुकड्याखाली काही गेला नाही. तो पाण्याच्या वाटीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही वाटीतच. व्हर्जिलने फ्रीजरमधून, हरणाच्या मांसाच्या पुडक्यांमागून, उंदराचं गोठवलेलं पिल्लू काढून कोमट पाण्यात सैल केलं आणि चिमट्याने समोर धरलं. सापाने तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. उंदराचं ते पिल्लू शेवटी बाहेर मांजराला गेलं.

रविवारी दुपारी केंड्राचा फोन आला. तिथे आठवड्यातून एकदाच, थोडा वेळ फोन मिळायचा. बाकी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "खाल्लं का त्याने?"

तिचा आवाज कोरडा पडलेला होता. झोप नसेल, अंग दुखत असेल. "खाल्लं की," व्हर्जिल म्हणाला. "चटकन गिळलं."

"चटकन?"

"हो. मला बघायलाही वेळ दिला नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने फोन वेळेआधीच ठेवला. तिची काळजी मिटली, असा व्हर्जिलने त्याचा अर्थ लावला. ज्याची आशा संपली असं तो स्वतःला सांगत होता, तो माणूस शेगडीपाशी बसून मनात म्हणत होता, एवढं एक जनावर जगलं पाहिजे. ते गेलं तर ही पोरगी तिथे राहायची नाही.

आठवडाभर गारठा हटेना आणि फोन थांबेनात. लोवेलच्या जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गोठवलेले उंदीर घ्यायला गेला तर तिथेही सुटका नव्हती. लोवेल त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि दुसऱ्याचं दुखणं चव घेऊन ऐकणारा.

"माझ्या भट्टीला कधी येतोस?" लोवेलने विचारलं. "की आता फक्त सापांचीच कामं घेतोस?"

"साप बोलत नाहीत. म्हणून त्यांचं आधी."

"खात नाही म्हणतोस. तुझ्या हातचं मीही खाणार नाही. वर्ना होती तेव्हाची गोष्ट वेगळी."

"पुडकं दे आणि गप्प बस."

लोवेलने पुडकं दिलं, पण गप्प बसला नाही. "केंड्रा कशी आहे?" त्याने जरा हळू आवाजात विचारलं. व्हर्जिलने नुसती मान हलवली. त्यात हो आणि नाही दोन्ही आलं.

शुक्रवारी ओमा टिपटन काकूंचा फोन आला. काकूंचं वय झालेलं, जीभ मात्र कालच धार लावून आणलेली. व्हर्जिल पोचला तेव्हा त्या कपाळाचा घाम पुसत, दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या.

"जमिनीवर पाय ठेववत नाही रे," त्या म्हणाल्या. "नरकात जायचंच आहे मला, पण भाडं आतापासून का भरायचं?"

भट्टी बरोबर त्यांच्या खोलीखाली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. व्हर्जिल घरभर फिरला. थर्मोस्टॅट नेहमीच्या भिंतीवर नव्हता. काकूंच्या भाच्याने भिंतीला नव्या फळ्या ठोकल्या होत्या आणि थर्मोस्टॅट उचलून मागच्या पडवीच्या दाराशी नेऊन लावला होता.

"हे कोणत्या शहाण्याचं काम?" व्हर्जिलचा पारा चढला. त्याला राग येण्याइतकीही ताकद कुठून आली कोण जाणे. "काकू, ही भट्टी त्या पडवीला विचारून चालते आहे. पडवीला मरेपर्यंत थंडीच वाजणार. ती कशाला म्हणेल पुरे? तुम्ही कुठे बसता, तुमच्या पायाखाली काय चाललंय, ते विचारायला नको? अरे, ज्याला ऊब द्यायची तो जिथे..."

तो थांबला. काकू वाट बघत होत्या.

"जिथे काय?" त्या म्हणाल्या. "व्हर्जिल, तुला बरं नाही का? बस बघू."

तो बसला नाही. थर्मोस्टॅट काढून जुन्या जागी लावण्याइतकं काम त्याने केलं. कॉफी घेतली नाही. काकूंनी ही गोष्ट पुढे सगळ्या गावाला सांगितली, की व्हर्जिल नोबल माझ्या घरून कॉफी न पिता गेला.

घरी मागची खोली नेहमीसारखी गारठलेली होती. पेटीतली हवाही गारच, म्हणून काचेवरचा तो सेन्सर रात्रंदिवस आणखी ऊब मागत होता, आणि मॅट एकदाही बंद झालेली नव्हती. व्हर्जिलने गरम बाजूचा भुसा बाजूला सारून काचेवर तळहात टेकला आणि चटका बसून झटकन उचलला. सापाला कुठली छातीची उंची? तो पोटावर जगतो. ती पोरगी दारात उभी राहून तळाची ऊब, तळाची, असं दोनदा सांगून गेली होती, आणि आपण तिला उडवून लावलं.

त्याने डेप्युटीला वाटीतून उचललं आणि उलटं करून दिव्यापाशी धरलं. पोटावरचे पांढरे खवले मधल्या भागात लालसर, ओलसर झाले होते. व्हर्जिल तसाच उभा राहून रडला. सापासाठी रडला असं म्हणता येणार नाही, आणि नाही असंही म्हणता येणार नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या गुरांच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं ते सगळं त्याने केलं. भुसा काढून टाकला, तळाशी स्वच्छ पांढरा कागद घातला, पोटाला मलम लावलं. सेन्सर काढून मॅटच्या बरोबर वर, कागदाखाली, काचेला चिकटवला. थोड्या वेळाने मॅट पहिल्यांदा बंद झाली. बरा होईल का, असं त्याने विचारलं, तर कात टाकेपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला.

शनिवार त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. रविवारी फोन वाजला तेव्हा 'सगळं ठीक आहे' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. वर्नाच्या आजारातही त्याने मुलीला शेवटपर्यंत तेच सांगितलं होतं. पण नवं खोटं सांभाळायला जोर लागतो, आणि तो त्याच्यात नव्हता.

"खाल्लं का त्याने?" केंड्राने विचारलं.

"नाही," व्हर्जिल म्हणाला. "गेल्या रविवारीही खाल्लं नव्हतं. मी खोटं बोललो. मी सेन्सर काचेवर वर लावला आणि तळ तव्यासारखा तापला. त्याचं पोट भाजलंय. जिवंत आहे. जगेल की नाही ते मला माहीत नाही."

पलीकडे कोणाच्या तरी खुर्चीचा आवाज झाला.

"वर लावलास?" ती म्हणाली. "तू?"

"मी."

"घराला लावतात तसा?"

"घराला लावतात तसा."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सेन्सरचं नाही. खोटं बोललास ते. जागा बदलली की तो पहिला आठवडा तोंडसुद्धा उघडत नाही. तू चटकन गिळलं म्हणालास तेव्हाच मी म्हटलं, मेला. मेला आणि बाबा मला सांगत नाहीये. आईच्या वेळेला केलं तसंच." तिचा आवाज चिरकला. "गुरुवारी मी बॅग भरली, बाबा. ती भरलेलीच आहे. फक्त आजच्या फोनसाठी थांबले होते. पुन्हा ठीक आहे म्हणाला असतास, तर फोन ठेवून निघाले असते."

व्हर्जिल भिंतीला टेकत खाली बसला.

"लाल आहे की काळं?" केंड्राने विचारलं.

"काय?"

"पोट त्याचं. बघून नीट सांग. काही वगळू नकोस."

तो उठला आणि फोन कानाला धरून मागच्या खोलीत गेला. दिसलं ते सगळं त्याने सांगितलं. डाग किती मोठा, ओल आहे का, साप हलतो कसा, बसलाय कुठे. ती मध्ये मध्ये विचारत राहिली, तो वाकून वाकून बघत राहिला. तिकडे कोणीतरी वेळ संपल्याचं ओरडलं.

"मला जायला हवं," केंड्रा म्हणाली. "तो मेला तर मेला म्हणून सांग. जगला तर जगला म्हणून. रविवारी विचारेन मी. मी इथेच आहे."