रामकुंडावर कोंडाजींची नोंद

नाशिकरोडला उतरले तेव्हा पिशवीत दोन साड्या होत्या आणि डोक्यात आत्याचा एकच प्रश्न. अमरावतीहून निघताना नव्वदीला टेकलेली आत्या म्हणाली होती, "माझा आजा जिता असून घरी का नाय आला, तेवढं बघून ये. मंग मी मरायला मोकळी."

आत्याचा आजा म्हणजे माझे पणजोबा, कोंडाजी. पहिल्या महायुद्धात ते सिन्नरकडच्या गावातून पलटणीची खेचरं हाकायला बसऱ्याला गेले. मेल्याची बातमी आली, घरच्यांनी क्रिया उरकली, पणजीचा धाकट्या दिराशी पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागला. पुढे कुणीतरी कोंडाजींना देवळालीत जिवंत पाहिलं. ते ऐकून त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, जे चिडले ते कायमचे. बापाचं श्राद्ध त्यांनी कधी केलं नाही.

देवळाली कॅम्पात दुपारपर्यंत पायपीट केली. शंभर वर्षांपूर्वीचा खेचरवाला कुणाला ठाऊक असणार, एवढी अक्कल मला घरीच यायला हवी होती. शेवटी वर्द्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी स्टुलावर बसवून चहा पाजला. "ताई, फौजी माणूस इथं येतो न् जातो," ते म्हणाले. "तुमच्यात रामकुंडावर नावं लिहून ठेवतात ना? तिथं बघा."

नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अर्धा तास अडकली, उतरताना चपलेचा अंगठा तुटला. रामकुंडावर गावाचं नाव सांगताच लोकांनी त्या गावच्या पिढीजात गुरुजींचं घर दाखवलं. विधीला आलेला प्रत्येक जण त्यांच्या वहीत घरच्यांची नावं नोंदवून जातो. गुरुजींनी लाल कापडातली लांबट वही सोडली. अक्षर मोडी, मला एक ओळ लागेना.

"ही कोंडाजींची क्रिया, भावानं केलेली," गुरुजी म्हणाले आणि त्यांचं बोट थांबलं. "ताई, खाली त्यांचीच नोंद आहे."

ते सावकाश वाचू लागले. 'कोंडाजी जिवंत आहे. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त केले. घरी निघालो.' त्याखाली आठवड्यानंतरची दुसरी नोंद होती. 'गावी जाऊन आलो. भावाचा संसार नीट आहे, मोडू नये. दारात मुलाकडे पाणी मागितले. त्याने तांब्याभर दिले.'

"त्या काळी क्रिया झालेल्याला घरात घ्यायचं तर बारशापासून सगळं परत करावं लागे," गुरुजी म्हणाले. "बायकोशी लग्नसुद्धा."

मला रडू आवरेना. शाई भिजू नये म्हणून गुरुजींनी वही हळूच आपल्याकडे ओढली. मग रिवाजाप्रमाणे मी घरातल्यांची नावं सांगितली, पहिलं आत्याचं.

अमरावतीला परतून आत्याला सगळं सांगितलं.

"माझा बाप सांगायचा," ती म्हणाली, "ल्हानपणी दारात एक कोटवाला आला व्हता. पाणी प्याला, डोक्यावरून लय येळ हात फिरवला. बाप त्याच्या मागं पार वेशीपत्तोर गेला व्हता. कोण व्हता, ते त्याला मरस्तोवर कळलं नाय."

ज्या माणसावर आजोबा जन्मभर चिडले, त्याचीच आठवण जन्मभर मायेने सांगत राहिले. हे मला अजून सोसत नाही.

यंदा पितृपक्षात आत्याने दोन पानं वाढायला लावली, एक बापाचं आणि एक आज्याचं. दोन्ही तिने शेजारी मांडून घेतली. पाण्याचा तांब्या मधे एकच ठेवला, बापाच्या उजव्या हाताशी.