दादाच्या चपला

दादाला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि वहिनी बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसली. मी चहा घेऊन आले, तेव्हा ती एक्स-रेच्या पाकिटावर पेनाने दादाच्या चपला काढत होती, झिजलेल्या टाचांसकट.

"वहिनी, तुला चित्रं काढता येतात?"

"छे गं! पण रेघ ओढताना तेवढ्यापुरतं दुसरं काही सुचत नाही."

मला वाटलं, काळजीत पडलो की माणूस दिसेनासाच होतो, नुसती काळजी दिसते. वहिनीला मात्र रेघेरेघेने दादा दिसत होता.

"अंगठा सुटत आलाय बघ," ती म्हणाली. "ह्यांना घरी नेलं की आधी नव्या घेऊ."

सकाळपासून पहिल्यांदाच ती पुढचं काही बोलली होती.