मठाच्या भिंतीतलं खिंडार

मेल्चोरा ख्रिस्ती जोगिणींच्या मठात आली तेव्हा तिचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते. पेरू देशातल्या आरेकिपा शहरातल्या एका खानदानी घराने धाकटी लेक इग्नासिया मठाला वाहिली आणि तिच्या गाद्या-पेट्यांबरोबर चूल सांभाळायला ही पोरगीही दिली. शपथ इग्नासियाने घेतली, मेल्चोराला कोणी काही विचारलं नाही. दार मात्र दोघींच्या मागे लागलं ते लागलंच. त्याच आवारात दोघींचे केस पांढरे झाले.

१८६८च्या ऑगस्टात धरणी हलली. मठाचा घुमट कोसळला आणि गल्लीकडच्या भिंतीला माणूस जाईल एवढं खिंडार पडलं. जोगिणी अंगणात राहुट्या ठोकून राहू लागल्या. शपथेमुळे त्यांना बाहेर पडायची बंदी होती, मेल्चोराला ती शपथ नव्हती. तिसऱ्या दिवशी ती खिंडारापाशी रेंगाळलेली इग्नासियाने पाहिली.

"जायचंय?"

"आईचं गाव बघून येते, मदर."

"गवंडी आलेत," इग्नासिया म्हणाली. "भिंत बंद झाली की मला ती उघडता यायची नाही."

आईच्या गावाची, चिगुआताची वाट चढणीची होती. अंगणापलीकडे कधी न चाललेल्या पायांना फोड आले. त्याहून वाईट म्हणजे, दोन्ही बाजूंना भिंत नाही म्हणून तिला चक्कर यायची. बांधाला हात लावत लावत ती वर पोचली.

तिचा भाऊ सिप्रियानो पडक्या घरापुढे कातड्यांच्या आडोशाखाली बसला होता. त्याने तिला ओळखलंच नाही. तिने आईचं नाव सांगितल्यावर तो उठला.

"आई गेली गं. शेवटपर्यंत तुलाच हाका मारत होती."

वहिनीने तिच्या हातावर भाजलेला मका ठेवला. "तिकडं दोन वेळचं मिळतं ना, वन्सं?"

"मिळतं."

"मग बरं आहे तुमचं. आमच्याकडं पोरांनाच पुरत नाही."

"गप की," सिप्रियानो म्हणाला. मग मान खाली घालून त्याने विचारलं, "राहणार आहेस, ताई?"

मेल्चोराने आडोशाखाली दाटीवाटीने निजलेली पोरं पाहिली. त्यांच्यात आणखी एकाला अंग टाकायला जागा नव्हती. "बघायला आले होते," ती म्हणाली.

सकाळी ती उतरली. खाली शहरातही पडझड झालेली. मोलकरणीला ठेवून घेणारं घर शोधत ती दोन दिवस दारोदार फिरली, पण लोक स्वतःच चौकात झोपत होते. शेवटी पाय मठाच्या गल्लीकडे वळले. भिंत कमरेएवढी वर आली होती.

"आतली का बाहेरची, मावशी?" गवंड्याने थापी थांबवून विचारलं.

दगडावर हात टेकून ती आत उतरली.

इग्नासिया विझल्या चुलीपाशी बसली होती, हात काजळीने माखलेले. "का आलीस परत?"

"कुठं जाऊ?"

इग्नासियाने सरकून मेल्चोराला चुलीपाशी जागा करून दिली. मेल्चोरा मात्र बसली नाही. ती तिथेच उभी राहिली आणि गवंड्याची थापी थांबेपर्यंत तिकडेच कान देऊन राहिली.