बेचाळीस चौकटी आणि एक सोनम

लॉकडाऊनमधली शाळा आणि आत्ताची ऑनलाइन शिकवणी एकच, असं बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या प्रेमाक्कांसमोर चुकूनही म्हणू नये. बाई फाडून खातील. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मुळातच फटकळ. त्यात या बाबतीत त्यांचा स्वतःचाच हात पोळलाय, म्हणून जास्तच.

झालं असं, की सर्जापूर रोडवरच्या रूपश्रीचा फोन आला. मूळची निपाणीची, नवराबायको दोघंही आयटीत. लेक सोनम पाचवीत गणितात नापास झाली होती. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा. त्यातही राहिली तर वर्ष वाया. मैत्रिणी पुढं जाणार आणि आपण मागं, या धसक्यानं पोरगी भरल्या ताटावरून उठायला लागली होती. अक्का, तिसरीत तुम्हीच होतात तिला, तेव्हा किती हुशार होती, असं रूपश्री पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

होतीच की! अक्कांना चांगलं आठवत होतं. स्क्रीनवर बेचाळीस चौकटी आणि डेटा वाचावा म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद. पोरं खरंच समोर आहेत की झोपलीत, हे कळावं म्हणून अक्कांनी नियमच केला होता: प्रत्येकानं उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं. सोनमचं उत्तर कधी चुकलं नाही. दर वेळी शाब्बास, वर्षअखेरीला ए ग्रेड. त्या नियमाचा अक्कांना केवढा तोरा! इतर मिसनाही त्यांनी तो आग्रहानं शिकवला होता.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी त्यांनी खालच्या पत्र्याच्या वर्कशॉपमधली ठोकाठोक नको म्हणून खिडकी लावली आणि विचारलं, बहात्तर भागिले चार किती? सोनम गप्प. एक मिनिट गेलं, दोन गेली. नजर मात्र स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खिळलेली. सोपं गणित दिलं, तरी तेच. त्या कोपऱ्यात तर काहीच नव्हतं. मग एकदम अक्कांना कळलं, घोडं कुठं पेंड खातंय. तिथं पूर्वी, लॉकडाऊनच्या वर्गात, चॅट असायचं. पोरगी कुणाचं तरी उत्तर यायची वाट बघत होती.

अक्कांनी हळूच विचारलं, तेव्हा तिनं मान खाली घालून सांगून टाकलं. वर्गातला यशोवर्धन सगळ्यात आधी टाइप करायचा आणि ती त्याचं बघून लिहायची.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि आड कोरडा ठेवला कुणी? माझ्याच नियमानं. अक्कांना लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी. पण लाजून भागाकार येत नाही. ही पोरगी पास होईल, नाही तर मी पुन्हा खडू हातात धरणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सोनमकडचा मोबाईल डब्यांच्या उतरंडीवर चढला आणि कॅमेरा थेट वहीवर आला. चेहरा नको, हात दिसू दे, असं अक्कांनी बजावलं. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. बेचाळीस पोरांत गप्प बसणं परवडत नव्हतं, इथं तेच खरं काम होतं. पण बाईंची जीभ कुठली स्वस्थ बसायला! शेवटी त्या दाताखाली लवंग धरून बसू लागल्या. पाचव्या दिवशी पेन्सिल हलली. बहात्तर भागिले चार. सोनमनं लिहिलं, दहा. सातातून चार गेल्यावर उरलेले तीन ती विसरली होती.

"चुकलं," अक्का म्हणाल्या. "पण बाळ, हे कुणाचं बघून नाही लिहिलंस. हे तुझं आहे. आता स्वल्प मागं जा आणि बघ, काय राहिलं."

मग रोज तास. रविवार नाही, सण नाही. चुका होत राहिल्या, पण त्या तिच्या होत्या, आणि तीच त्या खोडत होती.

फेरपरीक्षेत पन्नासपैकी एकतीस पडले. सोनम पास झाली. रूपश्री फोनवर रडायला लागली. अक्का एवढंच म्हणाल्या, सरी, ठीक आहे, संध्याकाळी पेपर दाखव.

संध्याकाळी पेपर कॅमेऱ्याखाली आला. सातवा भागाकार चुकला होता; पुन्हा तेच, उरलेले विसरले. आज अक्कांच्या तोंडात लवंग नव्हती. त्या सांगायला गेल्याच, तोच पेपरवर एक छोटा हात आडवा आला.

"मिस, सांगू नका. मी शोधते."